प्लेटवर काय उगवलं आणि मासा कशानं मेला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टाक्यांतले गोड्या पाण्याचे मासे मरताहेत, कल्ल्यांवर पिवळसर-तपकिरी, सडल्यासारखे चट्टे आहेत. नमुना ट्रिप्टिक सोय अगारवर, म्हणजे टीएसए या जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमावर, स्ट्रीक करून (लूपनं रेघा ओढून) प्लेटा ३७ अंशांना ठेवल्या की एकतर दुसऱ्या दिवशी एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू येतो, नाहीतर काहीच येत नाही. एरोमोनास धरून औषध दिलं, पण मरतूक थांबली नाही. मग माशांचा रोगकारक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचा कसा आणि माध्यम कोणतं घ्यायचं?

माध्यमाकडे येतोच, पण त्याआधी इनक्युबेटरचा आकडा बदला. ३७ अंश हे माणसाच्या अंगाचं तापमान आहे. माशाच्या अंगाचं तापमान म्हणजे तो राहतो त्या पाण्याचं तापमान, आणि त्याला आजारी पाडणारा जिवाणू त्याच तापमानाला सरावलेला असतो. कोमट पाण्यातल्या माशांसाठी २५ ते २८ अंश ठेवा, थंड पाण्यातल्या ट्राउट-सामनसाठी १५ ते २२. ३७ अंशांना ठेवलेल्या प्लेटेवर निवड आधीच होऊन गेलेली असते. ट्राउट-सामनमध्ये फुरुंक्युलोसिस, म्हणजे गळवांचा रोग, घडवणारा एरोमोनास साल्मोनिसिडा त्या उष्णतेत उठतच नाही. कॅटफिशमधला एडवर्डसिएला इक्टालुरी कसाबसा वाढतो. एरोमोनास हायड्रोफिला मात्र मजेत वाढतो, आणि म्हणूनच तुमच्याकडे दर वेळी तोच येतो.

एक गोष्ट मनात पक्की धरा, बाकी सगळं तिच्या मागोमाग येतं. तुम्ही दिलेल्या अन्नावर, तुम्ही दिलेल्या तापमानाला जो सगळ्यांत वेगानं वाढतो, तो प्लेटेवर दिसतो. मासा मारणारा तोच असेल असं नाही. एरोमोनास हायड्रोफिला पाण्यात असतो, तळाच्या गाळात असतो, धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. मासा दुसऱ्या कशानं खंगला की हा आत शिरतो, मेला की तासाभरात सगळीकडे पसरतो. तो खरा रोगकारक नसतो असं मी म्हणत नाही. रक्तस्राव, पाणी भरलेलं पोट, उभे राहिलेले खवले आणि किडनीतून दाट, एकाच जातीची वाढ, असं चार-पाच माशांत दिसलं तर खुशाल त्याच्यावर बोट ठेवा. पण मेलेल्या माशाच्या कल्ल्यावरून आलेल्या चार वसाहती हा पुरावा होत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत बर्फातून आलेले मेलेले मासे उघडले, प्लेटेवर एरोमोनास आला, तसा अहवाल लिहिला. औषध गेलं, मासे मरत राहिले. दहा दिवसांनी स्वतः टाकीवर गेलो, एक तडफडता मासा उचलला आणि कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिथे जे दिसलं ते माझ्या एकाही प्लेटेवर आलेलं नव्हतं. त्या दहा दिवसांत गेलेले मासे माझ्या अहवालामुळे गेले. तेव्हापासून ओली काच, म्हणजे पाण्याच्या थेंबातला ताजा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिल्याशिवाय मी कोणतंही माध्यम निवडत नाही.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. चट्ट्याच्या कडेचा, म्हणजे सडलेला भाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवरचा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्या. काचपट्टीवर निर्जंतुक पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप हलकेच दाबा आणि ४०० पट मोठं करून बघा. लगेच पाहून उठू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. कॉलमनॅरिस हा कल्ले सडवणारा रोग असेल तर आधी केसासारखे लांब, बारीक जिवाणू सरपटताना दिसतील. शेपटी मारत पळणारे नाहीत, सावकाश घसरणारे आणि मधूनच वाकणारे. मग ते कल्ल्याच्या कडेला जमू लागतात, एकावर एक चढतात आणि गवताच्या गंजीसारखे ढीग उभे राहतात. ढिगाच्या टोकाला सगळे लवलवत असतात. एकदा पाहिलं की विसरणं शक्य नाही. १९२२ साली डेव्हिस यांनी हा रोग प्रथम नोंदवला तो याच स्तंभांवरून, आणि नावही त्यांवरूनच पडलं. जिवाणू मात्र प्लेटेवर यायला १९४४ उजाडलं. ऑर्डल आणि रकर यांनी तो वेगळा केला. मधली बावीस वर्षं हा जीव डोळ्यांना दिसत होता, पण प्लेटेवर येत नव्हता. तुमच्या टीएसएवर ‘काहीच येत नाही’ त्यामागचं कारण बहुधा तेच आहे.

तुमच्या वर्णनावरून मला याच रोगाच्या जिवाणूचा, फ्लेवोबॅक्टेरियम कॉलमनॅरेचा, दाट संशय आहे. त्याला भरलेलं ताट चालत नाही. टीएसएच्या एका लिटरमध्ये केसीन आणि सोयाचं मिळून २० ग्रॅम पेप्टोन आणि वर ५ ग्रॅम मीठ असतं. याला लागणारं सायटोफागा अगार बघा: लिटरला ट्रिप्टोन अर्धा ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अर्धा ग्रॅम, सोडियम असिटेट ०.२ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट ०.२ ग्रॅम. सगळं मिळून दीड ग्रॅमही भरत नाही. अगार ९ ते ११ ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या १५ ग्रॅमपेक्षा बराच मऊ. पीएच ७.२ ते ७.४. मीठ मुळीच घालायचं नाही, १ टक्का मिठात हा जिवाणू वाढत नाही. हे माध्यम अनॅकर आणि ऑर्डल यांचं, १९५० च्या दशकातलं, आणि आजही उत्तम चालतं. शीह माध्यमावर वाढ जास्त भरघोस येते. पण पहिल्यांदा नमुन्यातून काढताना मी सायटोफागाच घेतो, कारण उपाशी माध्यमावर एरोमोनासला उड्या मारता येत नाहीत आणि कॉलमनॅरेच्या वसाहतीचा आकार स्पष्ट उमटतो.

कल्ला हा भरबाजार असतो, तिथे सगळेच असतात. त्यामुळे निवडक माध्यमाशिवाय, म्हणजे इतरांना दाबून हव्या त्यालाच वाढू देणाऱ्या माध्यमाशिवाय, गत्यंतर नाही. त्याच अगारात, ते ५० अंशांच्या आसपास निवल्यावर, निओमायसिन मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम आणि पॉलिमिक्सिन बी मिलिलिटरला २०० युनिट या मात्रेत मिसळा. उकळत्या अगारात प्रतिजैविक ओतू नका. काही प्रयोगशाळा शीह माध्यमात टोब्रामायसिन वापरतात, तेही चालतं. कल्ल्याचा तुकडा निर्जंतुक पाण्यात दोनदा हलकेच खळबळून घ्या, मग बारीक करा, दहापटीनं तीन-चार वेळा पातळ करा आणि प्रत्येक पातळीची एक साधी आणि एक निवडक प्लेट टाका. इथे एक बारकावा आहे. एरवी आपण प्लेटा वाळवून घेतो, म्हणजे वसाहती एकमेकींत ओघळत नाहीत. या सरपटणाऱ्या जिवाणूला मात्र पृष्ठभागावर ओल लागते. म्हणून प्लेटा ताज्या ओतलेल्या घ्या, फार वाळवू नका आणि पिशवीत घालून ठेवा.

२८ अंशांना ४८ तासांनी प्लेट उजेडासमोर तिरकी धरा. फिकट पिवळी, अगदी चपटी वसाहत, आणि तिच्या कडेनं झाडाच्या मुळांसारखे फाटे पसरलेले. आता लूपनं ती उचलून बघा. उचलली जाणार नाही. अगारला चिकटून बसलेली असते, ओढलं तर अगारचा पापुद्रा सोबत येतो. नवीन माणसाला वाटतं आपलाच हात चुकतोय. हात चुकत नसतो, ती तिची ओळख आहे. अशा वेळी निर्जंतुक पात्यानं अगारचा छोटा चौकोन कापून घ्या आणि नव्या प्लेटेवर उपडा ठेवून सरकवा. वसाहतीवर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पिवळा रंग तपकिरी-तांबूस होतो, फ्लेक्सिरुबिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. जातीचं नाव लिहिताना जपून लिहा. २०२२ मध्ये जुन्या कॉलमनॅरेचे चार भाग झाले: कॉलमनॅरे, कोव्हे, डेव्हिसी आणि ओरिओक्रोमिस. प्लेटेवर ते वेगळे ओळखता येत नाहीत, त्यासाठी पीसीआर किंवा जनुकक्रम लागतो.

आता नमुना कसा घ्यायचा याबद्दल, कारण नमुना चुकला तर चांगल्यातलं चांगलं माध्यमही उपयोगाचं नाही. मेलेला मासा नको. मरणाला टेकलेला, अंग टाकलेला पण कल्ले हलवणारा मासा हवा, एक नाही तर चार-पाच. निरोगी दिसणारे दोनही घ्या, तुलनेला. भुलीच्या औषधाची जादा मात्रा देऊन माशाला वेदनेशिवाय मारा आणि तिथल्या तिथे उघडा. ते जमत नसेल तर जिवंत मासा त्याच्याच पाण्यात, हवा भरलेल्या पिशवीत आणा. गोठवून आणू नका.

अंग ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. निर्जंतुक कात्रीनं पोटाची एक बाजू उघडा. आतडं फाटू द्यायचं नाही. फाटलं तर त्या माशाची किडनीची प्लेट टाकू नका, कारण पुढे जे येईल ते आतड्यातलं असेल. आतडं आणि वाताशय बाजूला सारले की पाठीच्या कण्याला लागून गडद लाल पट्टा दिसतो, तीच किडनी. तिचं वरचं आवरण टोचून तापवून गार केलेला लूप आत घाला. डोक्याकडचा भाग घ्या. रक्तातून फिरणारा जिवाणू तिथेच गाळला जाऊन साठतो. मासा गोल गोल फिरत असेल, डोळे बाहेर आले असतील तर मेंदूचा नमुना हवाच. तिलापियातला स्ट्रेप्टोकॉकस अगालॅक्टिए किंवा स्ट्रेप्टोकॉकस इनिए किडनीतून कधी सुटून जातो, मेंदूतून बहुधा सापडतो. त्यासाठी ब्लड अगार आणि २८ ते ३० अंश.

बाहेरचे चट्टे आणि आतली इंद्रियं यांच्या प्लेटा कायम वेगळ्या ठेवा आणि वेगळ्या वाचा. किडनीच्या प्लेटेवर एकाच जातीची भरपूर वाढ आली तर तिला वजन आहे. पाच प्रकारच्या वसाहती आल्या तर नमुना शिळा होता किंवा कात्री अस्वच्छ होती असं आधी धरा.

खारट पाण्यातल्या माशांसाठी माध्यमात १.५ ते २ टक्के मीठ लागतं, आणि ते विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. व्हिब्रिओ या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंसाठी सगळे टीसीबीएस या निवडक माध्यमाकडे धावतात. पिवळी वसाहत म्हणजे साखर आंबवणारा, जसा व्हिब्रिओ अँग्विलॅरम. हिरवी म्हणजे न आंबवणारा, जसा पॅराहीमोलिटिकस. त्या रंगावरून यापेक्षा जास्त काही ठरवू नका. आणि टीसीबीएसवरच्या वसाहतीची ऑक्सिडेज चाचणी (जिवाणूत हे विकर आहे का ते रंगावरून पाहणारी) करू नका, उत्तर भरवशाचं येत नाही. मीठ घातलेल्या टीएसएवर आधी उतरवून घ्या. ऑक्सिडेजला नायक्रोम या धातूचा लूपही नको, खोटा निळा रंग येतो. लाकडी काडी किंवा प्लास्टिकचा लूप घ्या.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते रेनिबॅक्टेरियम साल्मोनिनॅरमनं. सामन-ट्राउटच्या किडनीत पांढरट गाठी करणारा हा जिवाणू साध्या माध्यमाला दाद देत नाही. त्याला सिस्टीन हे अमिनो आम्ल लागतं, रक्ताचं सीरम लागतं आणि १५ अंशांचा गारवा लागतो. केडीएम-२ हे त्याचं नेहमीचं माध्यम. वाढ दिसायला दोन-तीन आठवडे लागले तर नशीब म्हणायचं, सहा आठवडे सहज जातात, कधी बारा. इतक्या दिवसांत एकतर प्लेट वाळते किंवा बुरशी तिचा घास घेते, म्हणून प्लेटा घट्ट बंद पिशवीत ठेवतात. एव्हलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक सुंदर युक्ती मांडली: प्लेटेच्या मधोमध याच जिवाणूच्या जुन्या, दाट वाढीचा एक थेंब ठेवायचा आणि कडेनं नमुन्याचे थेंब. मधली वाढ आपल्या स्रावांनी माध्यम सुधारते आणि कडेचे अशक्त जिवाणू लवकर उठतात. दाईच म्हणा ना. पुढे कळलं की वापरून झालेलं माध्यम थोडं मिसळलं तरी काम होतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाचव्या आठवड्यात टाचणीच्या टोकाएवढा मलईच्या रंगाचा ठिपका आला. ग्रॅम रंग दिल्यावर जोडीनं बसलेले आखूड, जांभळे दांडे दिसले. ही प्लेट मी तिसऱ्या दिवशी ‘वाढ नाही’ लिहून टाकून दिली असती तर? थंड पाण्यातल्या किती प्लेटा अशाच कचऱ्यात जात असतील, हा विचार मला आजही बेचैन करतो.

म्हणून अहवालात नुसतं ‘वाढ नाही’ लिहू नका. ‘या माध्यमावर, या तापमानाला, इतक्या दिवसांत वाढ नाही’ असं लिहा. एडवर्डसिएला इक्टालुरीची टाचणीएवढी वसाहत यायला ३६ ते ४८ तास लागतात, तोवर एखाद्या एरोमोनासनं प्लेट झाकून टाकलेली असते. फ्लेवोबॅक्टेरियम सायक्रोफिलम १५ अंशांना तीन ते सात दिवस घेतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम लोवेन्स्टाइन-येन्सन माध्यमावर आठवडे घेतो. पिसिरिकेट्सिया साल्मोनिस १९८९ मध्ये चिलीत सापडला तेव्हा तो फक्त माशाच्या जिवंत पेशींत वाढवता येत होता, सिस्टीन घातलेल्या ब्लड अगारवर तो येतो हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. आणि कल्ल्यांत गाठी करणाऱ्या एपिथेलिओसिस्टिस या रोगाचे जिवाणू साध्या अगारवर येतच नाहीत.

वेगळी वसाहत मिळाली की निदान दोनदा पुन्हा स्ट्रीक करून शुद्ध करा आणि मगच चाचण्यांना हात घाला. ग्रॅम रंग, ऑक्सिडेज, कॅटलेज, हालचाल, ओ/१२९ या व्हिब्रिओ दाबणाऱ्या रसायनाची चकती, एवढ्यावर बरंच कळतं. व्हिब्रिओ ओ/१२९ ला बहुधा दबतात, एरोमोनास दबत नाही. एपीआय २०ई सारख्या तयार पट्ट्या माणसांतल्या जिवाणूंसाठी बनल्या आहेत. त्या २५ ते २८ अंशांना ठेवल्या तर उत्तरं बदलतात, आणि यर्सिनिया रुकेरी या माशांच्या रोगकारकाला त्या हाफनिया अल्व्हेई हा दुसराच जिवाणू म्हणून मोकळ्या होतात. पट्टीचं उत्तर आणि माशाची लक्षणं जुळत नसतील तर माशावर विश्वास ठेवा आणि जिवाणूची जात ओळखून देणाऱ्या १६एस जनुकाची तपासणी करून घ्या.

औषधाची संवेदनक्षमता तपासताना कॉलमनॅरे या तपासणीच्या नेहमीच्या म्युलर-हिंटन माध्यमावर टाकू नका, पातळ केलेलं म्युलर-हिंटन घ्या. तापमान २२ किंवा २८ अंश. प्रयोगशाळांच्या प्रमाण-पद्धती ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेच्या जलचरांसाठीच्या वेगळ्या पद्धती आहेत, त्याच पाळा. माणसांसाठीच्या ३७ अंशांच्या तक्त्यावरून माशाच्या जिवाणूला ‘संवेदनक्षम’ ठरवणं निराधार आहे.

वाढवलेला जिवाणू लगेच साठवा. पहिल्या-दुसऱ्या उतरवणीतूनच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना पाच-सहा कुप्या ठेवा. प्लेटेवरून प्लेटेवर नेत राहिलात तर जिवाणू प्रयोगशाळेचा होतो, माशाचा राहत नाही. कॉलमनॅरेची मुळांसारखी वसाहत गुळगुळीत होते आणि त्याबरोबर त्याची रोग करण्याची ताकदही जाते. एरोमोनास साल्मोनिसिडा २५ अंशांच्या वर वाढवत राहिलात तर अंगावरचं प्रथिनांचं कवच, ए-लेयर, गमावतो. कूमासी ब्लू हा रंग घातलेल्या अगारवर कवचवाल्या वसाहती निळ्या दिसतात, कवच गेलेल्या फिक्या. महिन्यातून एकदा ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात.

हातमोज्यांबद्दल कोणी हलगर्जी करू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या बोटांवर महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी करतो. स्ट्रेप्टोकॉकस इनिए माशाचा काटा टोचलेल्या हातातून शिरतो. व्हिब्रिओ व्हल्निफिकस तर जिवावर बेततो. हाताला चीर असेल त्या दिवशी मासे उघडू नका. वापरलेल्या प्लेटा, पाणी आणि माशांचे अवशेष १२१ अंशांना निदान अर्धा तास ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत. माध्यम निर्जंतुक करायला १५ मिनिटं पुरतात, भरलेल्या कचऱ्याच्या पिशवीला पुरत नाहीत. आणि प्रयोगशाळेतून उठून थेट टाकीवर जाऊ नका. वाढवलेल्या जिवाणूचा एक थेंब जाळ्यावरून टाकीत गेला तर तो रोग तुम्हीच नेलेला असेल.

तर या आठवड्यात एवढं करा. एक इनक्युबेटर २८ अंशांवर आणा. सायटोफागा अगार साधं आणि निओमायसिन-पॉलिमिक्सिनवालं, दोन्ही ओता, सोबत टीएसए आणि ब्लड अगारची एकेक प्लेट. चार तडफडते आणि दोन निरोगी मासे घ्या. प्रत्येकाचा कल्ला, किडनी आणि मेंदू वेगळा. प्लेटेच्या पाठीवर माशाचा क्रमांक, अवयव, तारीख आणि त्या दिवशीचं पाण्याचं तापमान लिहा. २४, ४८ आणि ७२ तासांनी बघा आणि सात दिवस टाकू नका. दरम्यान औषध बदलण्याची घाई करू नका, माशांची दाटी कमी करा, हवा वाढवा, पाण्यातले सेंद्रिय अवशेष काढा. कॉलमनॅरिसला गर्दी आणि घाण लागते. ओल्या काचेवर गंज्या दिसल्या की नाही तेवढं आधी कळवा, उरलेल्या प्लेटांचं त्यावरून ठरवू.